सहा तासांचं मूलद्रव्य



वर्ध्याच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषयाची मोकळीक दिली आणि एकच अट घातली. विज्ञानाचं काहीही सांगा, पण ते आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचलं पाहिजे. अट मला आवडली. म्हणून मी असं मूलद्रव्य निवडलं की ज्याच्या बाबतीत पोचणं हाच मुख्य प्रश्न आहे. त्याचं नाव टेक्नेशियम, अणुक्रमांक 43. ते खाणीत मिळत नाही, गोदामात साठवून ठेवता येत नाही, आणि रुग्णालयात वापरलं जाणारं त्याचं रूप दर सहा तासांनी निम्मं होतं. मुंबईपासून वर्ध्याचं अंतर साधारण साडेसातशे किलोमीटर. या दोन आकड्यांची सांगड घालणं हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, असं म्हटलं तरी चालेल.

शाळेच्या भिंतीवरची आवर्तसारणी आठवा. मधल्या भागात 42 नंबरला मोलिब्डेनम, 44 ला रुथेनियम, आणि त्यांच्यामध्ये मँगनीजच्या बरोबर खाली 43. मेंडेलीव्हने 1871 च्या सुमारास ही जागा रिकामी ठेवून तिथे येणाऱ्या मूलद्रव्याला ‘एका-मँगनीज’ म्हटलं होतं. पुढची साठ-पासष्ट वर्षं अनेकांनी ते सापडल्याचे दावे केले. 1908 मध्ये जपानच्या मासाताका ओगावांनी ‘निप्पोनियम’ जाहीर केलं. त्यांच्या हाती आलेलं मूलद्रव्य खरं होतं, पण ते 43 नव्हतं, 75 होतं, हे पुष्कळ उशिरा कळलं. 1925 मध्ये जर्मनीत वॉल्टर नोडाक, इडा टाके आणि ऑटो बर्ग यांनी 75 म्हणजे ऱ्हेनियम शोधलं, तेही पक्कं. त्याच दमात त्यांनी 43 चंही ‘मासुरियम’ असं बारसं करून टाकलं. ते मात्र दुसऱ्या कुणाला पुन्हा दाखवता आलं नाही.

का सापडत नव्हतं? याचं उत्तर रसायनशास्त्रात नाही, अणुकेंद्रात आहे, आणि मला ते फार देखणं वाटतं. 1934 मध्ये योजेफ माटाउख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एक नियम मांडला. दोन शेजारी मूलद्रव्यांचे समस्थानिक सारख्याच वस्तुमानांकाचे असले, तर दोघंही एकाच वेळी स्थिर राहू शकत नाहीत. एकाला मोडावंच लागतं. आता 43 ची अवस्था बघा. त्याला स्थिर व्हायचं तर त्याचा वस्तुमानांक साधारण 94 ते 102 या टापूत हवा. पण मोलिब्डेनमने 94, 95, 96, 97, 98 आणि 100 अडवले आहेत. रुथेनियमने 96, 98, 99, 100, 101 आणि 102. हिशेब करून बघा, एकही आकडा मोकळा राहत नाही. एसटीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही तर माणूस उभा तरी राहतो, इथे तीही सोय नाही.

त्यामुळे टेक्नेशियमचे सगळे समस्थानिक किरणोत्सारी आहेत. सर्वांत दीर्घायुषी म्हणजे 97 आणि 98. त्यांचं अर्धायुष्य सुमारे 42 लाख वर्षं. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं आहे. म्हणजे पृथ्वी घडताना जे टेक्नेशियम असेल त्याची हजाराहून अधिक वेळा अर्धी-अर्धी वाटणी झाली, आणि काही उरलं नाही. युरेनियमच्या खनिजात अणू आपोआप दुभंगतात तेव्हा नवं टेक्नेशियम नखाएवढंही नाही, त्याहून कितीतरी कमी, तयार होत असतं. 1961 मध्ये केना आणि कुरोडा यांनी पाच किलोहून जास्त पिचब्लेंडमधून एक नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाएवढं, वेगळं काढलं. त्याआधी 1952 मध्ये पॉल मेरिल या खगोलशास्त्रज्ञाला काही लाल ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या होत्या. तारा म्हातारा आणि मूलद्रव्य अल्पायुषी, याचा अर्थ एकच निघतो. ते मूलद्रव्य ताऱ्याच्या पोटात अजून घडतं आहे. मूलद्रव्यं ताऱ्यांमध्ये घडतात या कल्पनेला इतका थेट पुरावा तोवर मिळाला नव्हता. हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, म्हणून इथेच थांबतो.

आता 1937 साल. वर्ध्याच्या लोकांना या वर्षाची ओळख वेगळी करून द्यायला नको. गांधीजी आदल्या वर्षी सेगावला राहायला आले होते. गावाचं सेवाग्राम अजून व्हायचं होतं. ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा पुढे आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सिसिली बेटावरच्या पालेर्मो विद्यापीठात एक टपाल पोचलं. एमिलिओ सेग्रे हा तिथला तरुण भौतिकशास्त्रज्ञ आदल्या उन्हाळ्यात अमेरिकेत बर्कलीला जाऊन आला होता. अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनमध्ये किरणांना वळवणारी मोलिब्डेनमची एक पट्टी महिनोन्‌महिने मारा सोसून किरणोत्सारी झाली होती. लॉरेन्सच्या दृष्टीने तो भंगार माल. त्याने ती पट्टी पत्रात घालून सेग्रेला पाठवून दिली.

सेग्रेने खनिजशास्त्राचा प्राध्यापक कार्लो पेरिए याला बरोबर घेतलं. दोघांनी ती पट्टी विरघळवली, आणि किरणोत्सार कोणत्या मूलद्रव्यामागे जातो ते एकेक करून तपासलं. झिर्कोनियमबरोबर जात नाही, मोलिब्डेनमबरोबर राहत नाही, ऱ्हेनियमशी मात्र पुष्कळसं जमतं. म्हणजे मँगनीजच्या घराण्यातलं, पण अजून नाव नसलेलं. माल किती? ग्रॅमचा सुमारे दहा अब्जावा भाग. डोळ्याला, तराजूला काही कळणार नाही. फक्त किरणमापी यंत्राला कळणार. माणसाने घडवलेलं पहिलं मूलद्रव्य हे असं टपालातून आलं.

इथे एक बारकावा लक्षात घ्या, पुढे कामाला येईल. त्या पट्टीत जे समस्थानिक होते त्यांची अर्धायुष्यं सुमारे 61 आणि 91 दिवसांची होती. म्हणून बोटीने अटलांटिक ओलांडूनही ते मोजण्याइतके शिल्लक राहिले. सहा तासांचा समस्थानिक त्या पाकिटात असता तर पालेर्मोत ते पाकीट फोडून हाती काही लागलं नसतं. पुढच्या वर्षी मुसोलिनीच्या वंशवादी कायद्यांमुळे सेग्रेची नोकरी गेली. तो तेव्हा बर्कलीलाच होता, तिथेच राहिला, आणि ग्लेन सीबोर्गबरोबर त्याने टेक्नेशियमचा तो सहा तासांचा अवतार शोधला, टेक्नेशियम-99एम. हाकलून दिलेल्या माणसाकडून इटलीने काय गमावलं याचा हिशेब इटलीने करावा. ‘टेक्नेशियम’ हे नाव 1947 मध्ये ठरलं, ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

धातू म्हणून टेक्नेशियम कसं असतं, हे अणुवैद्यकाच्या पुस्तकांत क्वचित सांगतात, कारण वैद्यकात कुणी ते धातुरूपात पाहतच नाही. पण मोठ्या प्रमाणात ते बनतं, अणुभट्ट्यांच्या जळालेल्या इंधनात. तिथला समस्थानिक टेक्नेशियम-99, अर्धायुष्य सुमारे 2 लाख 11 हजार वर्षं. युरेनियमचे शंभर अणू दुभंगले की सुमारे सहा वेळा हा मिळतो. त्यातून काढलेला धातू चांदीसारखा करडा असतो, दमट हवेत हळूहळू काळवंडतो. घनता पाण्याच्या साडेअकरापट, म्हणजे शिशाच्या आसपास. वितळायला सुमारे 2157 अंश सेल्सिअस लागतात. साडेसात केल्विनच्या खाली नेला तर तो अतिवाहक होतो, विजेला विरोधच करत नाही. नायट्रिक आम्लात विरघळतो, हायड्रोक्लोरिकमध्ये नाही. ऑक्सिजनमध्ये जाळला की पिवळट ऑक्साइड मिळतं, आणि ते इतकं बाष्पनशील की 311 अंशांना उकळतं. हा शेवटचा गुण तारापूर किंवा मुंबईतल्या ट्रॉम्बेसारख्या अणुऊर्जेच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना त्रासाचा आहे, त्याकडे नंतर येतो.

एक गंमतही सांगतो. पाण्यात लाखात पाच-सहा भाग इतकं परटेक्नेटेट घातलं की लोखंड गंजत नाही, पाणी तापवलं तरी. गंजावर इतका चांगला उपाय सापडूनही तो किरणोत्सारी असल्यामुळे बाजारात कधी येणार नाही.

रसायनाकडे वळू. मँगनीजचं परमँगनेट तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. साथीच्या दिवसांत विहिरीत टाकत ते जांभळं लाल औषध. मँगनीज त्यात +7 अवस्थेत असतं आणि समोर येईल त्याचं ऑक्सिडीकरण करायला टपलेलं असतं. टेक्नेशियमही +7 अवस्थेत जाऊन परटेक्नेटेट बनवतं, पण ते बिनरंगी आणि स्वभावाने शांत. घराणं एक, तऱ्हा वेगळी. हवेत आणि पाण्यात टेक्नेशियमला हीच अवस्था सर्वांत सोयीची. रक्तात सोडलं तर ते परटेक्नेटेट म्हणूनच फिरतं, आणि त्याचा आकार आणि भार आयोडाइडच्या इतका जवळचा असतो की थायरॉइडची ग्रंथी त्याला आयोडीन समजून आत ओढते. जठराच्या अस्तराचीही तीच फसगत होते. गलगंड असलेल्या माणसाच्या गळ्यातली कोणती गाठ काम करते आणि कोणती निष्क्रिय आहे, हे या फसगतीमुळेच पडद्यावर दिसतं.

पण हाड, हृदय, मूत्रपिंड दाखवायचं तर परटेक्नेटेट उपयोगाचं नाही. ते कशालाच चिकटत नाही. त्याला +7 वरून खाली उतरवावं लागतं, म्हणजे क्षपण करावं लागतं. टेक्नेशियम -1 पासून +7 पर्यंत बऱ्याच अवस्था घेतं. वैद्यकातली त्याची सगळी किमया या चढउतारात आहे. खाली उतरवण्याचं काम कथलाचं क्लोराइड करतं, स्टॅनस क्लोराइड. एका छोट्या कुपीत हे कथील आणि जो अवयव दाखवायचा त्याकडे जाणारा रेणू असे दोन्ही गोठवून कोरडे केलेले असतात. कुपीत परटेक्नेटेट सोडायचं, हलवायचं, काही मिनिटं थांबायचं. एमडीपी नावाचा फॉस्फोनेट असेल तर टेक्नेशियम हाडाच्या खनिजावर जाऊन बसतं. मिबी असेल तर +1 अवस्थेतल्या एका टेक्नेशियमभोवती सहा रेणू वेढा घालतात आणि तो गठ्ठा हृदयाच्या स्नायूपेशीत शिरतो. डीटीपीए मूत्रपिंडातून गाळला जातो. सल्फर कोलॉइडचे कण यकृत आणि पाणथरीत अडकतात.

या कुपीत हवा शिरली की घोटाळा होतो. कथील आधीच ऑक्सिजनला बळी पडतं, टेक्नेशियम +7 लाच राहतं. मग हाडांच्या चित्रात थायरॉइड आणि जठर ठळक उमटतात. अनुभवी तंत्रज्ञ ते चित्र बघूनच म्हणतो, कुपी खराब निघाली. शहाणी माणसं सुई टोचण्याआधीच कागदी क्रोमॅटोग्राफीची पट्टी लावून बघतात. रसायनशास्त्राचा विद्यार्थी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी जी पट्टी कंटाळत लावतो, तीच इथे एका माणसाचा निष्कारण किरणोत्सार वाचवते.

आता प्रमाणाचा प्रश्न. एका हाडांच्या तपासणीला साधारण 20 मिलिक्युरी किरणोत्सार लागतो. त्यातल्या टेक्नेशियमचं वजन काढलं तर सुमारे चार नॅनोग्रॅम भरतं. शरीरातल्या कुठल्याही रासायनिक क्रियेला त्याची चाहूल लागत नाही. त्याच्या केंद्रातून 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण बाहेर पडतो, आणि हा आकडा सोयीचा म्हणजे इतका सोयीचा की जणू मागणी नोंदवून घेतलेला. शरीरातून बाहेर यायला पुरेसा, कॅमेऱ्याच्या सोडियम आयोडाइड स्फटिकात अडकायला तितकाच योग्य, आणि अर्ध्या मिलिमीटरहून पातळ शिशानेही निम्मा थोपवता येणारा. बरोबर बीटा कण जवळजवळ नाहीत, म्हणजे पेशींना विनाकारण मार नाही. एका हाडांच्या स्कॅनला रुग्णाला साधारण चार मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. जगात माणसाला निसर्गाकडून वर्षाला मिळणारी सरासरी मात्रा 2.4 मिलिसिव्हर्ट धरतात.

लोक विचारतात, मग ते अंगात राहतं का? चांगला प्रश्न आहे. टेक्नेशियम-99एमचा प्रत्येक अणू गॅमा किरण सोडून टेक्नेशियम-99 होतो, तोच दोन लाख वर्षांचा. म्हणजे ‘सहा तासांत निम्मं नाहीसं’ हे अर्धसत्य आहे. अणू नाहीसा होत नाही, शांत होतो. पण किती शांत, तेही बघू. ते चार नॅनोग्रॅम सगळेच्या सगळे अंगात राहिले असं धरलं, तरी त्यातून सेकंदाला दोन-तीन विघटनं होतील. आणि तुमच्या-माझ्या शरीरातलं नैसर्गिक पोटॅशियम सेकंदाला चार हजारांच्या वर विघटनं करत बसलेलं आहे, या क्षणीसुद्धा. शिवाय टेक्नेशियमचा मोठा भाग लघवीवाटे निघूनच जातो.

वर्ध्यापर्यंतचा प्रवास आता सुरू होतो. तयार टेक्नेशियम मुंबईहून पाठवलं तर काय होईल? रात्रभराच्या प्रवासात, म्हणजे बारा तासांत, पाव उरेल. पुढच्या संध्याकाळपर्यंत सहा टक्के. हा धंदा बसणार नाही. म्हणून टेक्नेशियम पाठवत नाहीत, त्याचा जनक पाठवतात, मोलिब्डेनम-99. त्याचं अर्धायुष्य 66 तास. ते वाटेत हळूहळू मोडत राहतं आणि त्यातून टेक्नेशियम-99एम तयार होत राहतं. ही युक्ती अमेरिकेच्या ब्रूकहेव्हन प्रयोगशाळेत 1950 च्या दशकाअखेर निघाली. तिचं पेटंट घेण्याइतकी मागणी येईल असं तिथल्या सरकारी कार्यालयाला वाटलं नव्हतं. आज जगभर वर्षाला तीन-चार कोटी तपासण्या या एका मूलद्रव्यावर होतात.

मोलिब्डेनमपासून टेक्नेशियम देणाऱ्या यंत्राला, म्हणजे जनित्राला, जगभरचे तंत्रज्ञ ‘गाय’ म्हणतात आणि त्यातून टेक्नेशियम काढण्याला ‘दूध काढणं’. आर्वी-कारंजाकडच्या गवळाऊ गाईंच्या आणि गोरस भांडाराच्या वर्ध्यात हे मी समजावून सांगायची गरज नाही. सकाळी धार काढली की पुन्हा भरायला साधारण 23 तास लागतात. सहा तासांनी परत बसलात तर निम्मंच मिळतं. फरक एवढाच की ही गाय रोज आटत जाते. पहिल्या दिवशी 100 धरलं तर दुसऱ्या दिवशी 78, मग 60, 47, 36, 28, 22, आणि आठवड्याने 17.

मुंबईतल्या रुग्णालयाला 100 मिळतं त्या दिवशी जो गाव पार्सलची वाटच बघत असतो, त्याच्या हाती दुसऱ्या दिवशी 78 पडतं. म्हणून मी म्हणतो की विदर्भासाठी ट्रॉम्बेपासूनचं अंतर ही टेक्नेशियमची घनता आणि द्रवणांक यांच्याच यादीत मांडण्याची गोष्ट आहे. रसायनशास्त्राचं पुस्तक ती मांडत नाही. समृद्धी महामार्ग आता आपल्या जिल्ह्यातून गेला आहे आणि 2025 च्या जूनमध्ये तो पूर्ण खुला झाला. त्याने वाचवलेल्या तासांचं मोल संत्र्यापेक्षा मोलिब्डेनमला जास्त आहे, असं मी थोडं गमतीने आणि बरंचसं गांभीर्याने म्हणेन.

मोलिब्डेनम येतं कुठून? जगातल्या बहुतेक ठिकाणी युरेनियमच्या तुकड्यांचं विखंडन करून, आणि तेही मोजक्या जुन्या अणुभट्ट्यांत. 2009 च्या मे महिन्यात कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली आणि अमेरिकेपासून युरोपपर्यंत रुग्णालयांच्या तारखा कोलमडल्या. पुढच्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं बसवली, तेव्हा उरलंसुरलं मोलिब्डेनमही अडकलं. एका मूलद्रव्याचा पुरवठा राखेवर अवलंबून असावा, हे कुणाच्या नियोजनात नव्हतं.

भारताने या बाबतीत एक वेगळी वाट धरली होती, आणि तिच्याविषयी आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांत, पुढे 1985 मध्ये सुरू झालेल्या ध्रुवमध्ये, साधं मोलिब्डेनम ऑक्साइड न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायचं. नैसर्गिक मोलिब्डेनममध्ये सुमारे 24 टक्के 98 असतो, तो एक न्यूट्रॉन घेऊन 99 होतो. युरेनियम फोडण्याचा किंवा विखंडनाचा कचरा हाताळण्याचा प्रश्न येत नाही. अडचण अशी की असं मोलिब्डेनम ‘पातळ’ असतं. किरणोत्सारी अणू थोडे, साधे फार. ॲल्युमिनाच्या छोट्या नळीत, जिच्यात नेहमीच्या जनित्रात मोलिब्डेनम बसवतात, ते मावत नाही. मग उपाय काय? सोडियम मोलिब्डेटचं अल्कधर्मी द्रावण, त्यावर मिथिल इथिल कीटोन. ढवळलं की परटेक्नेटेट कीटोनच्या वरच्या थरात चढतं, मोलिब्डेनम खालीच राहतं. वरचा थर काढून कीटोन उडवायचं, आणि उरलेलं मिठाच्या निर्जंतुक पाण्यात घ्यायचं. शिशाच्या विटांच्या आडोशाला, रोज सकाळी. वाशीच्या ब्रिटकडून, म्हणजे 1989 मध्ये स्थापन झालेल्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून, हे मोलिब्डेट देशभर जात राहिलं. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून या सगळ्या विद्येची शाळा होतं.

परदेशात शिकून आलेले काही डॉक्टर या पद्धतीला जुनाट म्हणत. हाताला सवय लागते, वेळ जातो, कीटोनचा वास येतो, ही त्यांची तक्रार खरी. नळीचं जनित्र वापरायला सोपं आहे यातही वाद नाही, आणि ब्रिटने तेही पुरवायला घेतलं. पण नळीला लागणारं विखंडनातलं मोलिब्डेनम बाहेरून आणावं लागे. माझं मत विचाराल तर हाताने काढायची ती पद्धत ज्या रसायनज्ञांनी आपल्या भट्ट्यांच्या कुवतीला धरून बसवली, त्यांचं नाव या देशाच्या आरोग्याच्या इतिहासात अजून नीट नोंदलं गेलेलं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था यांत फरक करत. टेक्नेशियमचा साठा करताच येत नाही. ते रोज बनवावं, रोज वापरावं लागतं, आणि त्यासाठी मागे अणुभट्टी अखंड चालावी लागते. कुमारप्पांना हे प्रवाही म्हणून पटलं असतं की अणुभट्टी पाहून ते रागावले असते, यावर मी पैज लावणार नाही.

आणि आपल्या भागाचा खास आजार. 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. विदर्भात तो आजार आज कुणाला नवा नाही. या आजारात पाणथरी दिसायला मोठी असूनही काम करत नाही, हे 1969 मध्ये हॉवर्ड पिअरसनने टेक्नेशियमच्या सल्फर कोलॉइडने दाखवलं. हाताला लागणारी पाणथरी स्कॅनवर उमटतच नव्हती. लहान मुलांना जंतुसंसर्ग इतका का जिवावर बेततो, याचं कारण त्या कोऱ्या जागेत होतं. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून त्याचं टोक मरतं, तेही एक्स-रेवर दिसण्याआधी हाडांच्या स्कॅनवर दिसतं. आज एमआरआय हे काम जास्त बारकाईने करतो, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण सगळा सांगाडा एका वेळी बघायचा असेल, कर्करोग हाडांत पसरला का ते शोधायचं असेल, तर टेक्नेशियम अजूनही कामाचं आहे.

तारापूरचं राहिलं. जळालेल्या इंधनातला टेक्नेशियम-99 परटेक्नेटेट रूपात पाण्याबरोबर कुठेही वाहत जातो. माती त्याला धरून ठेवत नाही. इंग्लंडमधल्या सेलाफिल्डच्या सांडपाण्यातून तो आयरिश समुद्रातल्या शेवंडांत पोचला आणि शेजारच्या देशांनी तक्रारी केल्या. म्हणून अशा कचऱ्याला काचेत बंद करतात. आपल्याकडे तारापूर आणि ट्रॉम्बेला ही काच बनवण्याची सोय आहे. पण काच वितळते त्या उष्णतेला 311 अंशांचं ते ऑक्साइड काचेत बसायच्या आधी वाफ होऊन निसटायला बघतं, आणि त्याला वायुमार्गातच पकडून परत आणावं लागतं. मोलिब्डेनमपासून सहज वेगळं होऊ देणारा गुण, म्हणजे कशालाच सहज न चिकटणं, इथे डोकेदुखी होतो.

शेवटी काही व्यवहाराचं. आर्वी, हिंगणघाट किंवा समुद्रपूरहून कुणाला या तपासणीसाठी नागपूरला किंवा कुठेही बोलावलं, तर तारीख आणि वेळ चुकवू नका. ताजं जनित्र असतं त्या दिवशी हृदय आणि हाडं यांच्या तपासण्या ठेवतात, कारण त्यांना जास्त मात्रा लागते. थायरॉइडला दोन-पाच मिलिक्युरी पुरतात, म्हणून ती आठवड्याच्या उताराला चालते. तुमच्यासाठी सकाळी तयार केलेली सुई दुपारी तीनला निम्म्या ताकदीची असते. बस चुकली तर लगेच कळवा. त्या दिवशी आलेल्या दुसऱ्या कुणाला ती उपयोगी पडेल. हाडांच्या स्कॅनला सुईनंतर दोन-तीन तास थांबावं लागतं. त्या वेळात पाणी भरपूर प्या आणि लघवीला वारंवार जा, चित्रही स्वच्छ येतं आणि मात्राही कमी होते. बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर सुई घेण्याआधी सांगा. दूध किती तास बाजूला काढून टाकायचं ते औषधानुसार बदलतं, आणि ते डॉक्टरला विचारूनच ठरवा, शेजारणीला विचारून नाही.